परवाना भिंतीवर, माणूस दुसराच

वाचकाचं पत्र, थोडं आवरतं घेऊन:

"आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. आई-बाबा वाईहून सहा महिन्यांसाठी आले होते. मार्चमध्ये बाबा इथल्या हॉस्पिटलात वारले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून एका गृहस्थांचा नंबर मिळाला. 'आपल्या लोकांचं सगळं तेच बघतात', असं सगळ्यांनी सांगितलं. ते तासाभरात घरी आले, मराठीत धीर दिला, खर्च सांगितला, कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. एकूण ५,६०० डॉलर झाले. त्यातले १,५०० त्यांच्या स्वतःच्या खात्यावर झेलने (फोनवरून थेट बँक खात्यात) पाठवले, बाकीचा चेक फ्युनरल होमच्या, म्हणजे अंत्यविधी करून देणाऱ्या संस्थेच्या, नावाने दिला. बिलात एम्बाल्मिंगचे (देह टिकावा म्हणून रसायनं भरण्याचे) ८५० डॉलर लावले आहेत, ते आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. दहन जवळच्या एका दफनभूमीच्या क्रिमेटोरियममध्ये झालं. आम्ही बाबांचा चेहरा पाहिला, भावाने बटण दाबलं. अस्थी वाईला कृष्णेत सोडल्या. आता मृत्यूचा दाखला नीट वाचला, तर त्यावर फ्युनरल डायरेक्टर म्हणून ज्यांचं नाव आणि परवाना क्रमांक आहे, त्यांना आम्ही कधी पाहिलेलंच नाही. घरी आलेल्या गृहस्थांचं नाव राज्याच्या यादीत सापडत नाही. होमला फोन केला तर म्हणाले, 'ते बारा वर्षं आमच्याकडेच आहेत.' हे बेकायदा आहे का? तक्रार करावी का? माणूस वाईट नाही, आणि उद्या मंडळात तोंड दाखवायचं आहे. आम्ही एच-वन-बीवर आहोत, तीही धास्ती. आणि आईच्या मनात एकच घोळतंय: त्या अस्थी बाबांच्याच होत्या ना?"

ताई, आधी आईंच्या प्रश्नाचं बघू.

दहनापूर्वी तुम्ही सगळ्यांनी बाबांचा चेहरा पाहिला आणि भावाने तिथेच उभं राहून बटण दाबलं. म्हणजे ओळख पटलेला देह तुमच्या डोळ्यांदेखत आत गेला. पुढचा दुवा क्रिमेटोरियमचा. इथे देह आत घेताना क्रमांक कोरलेली धातूची एक छोटी चकती सोबत ठेवतात. ती त्या उष्णतेत टिकते आणि रक्षेबरोबरच परत येते, पिशवीत किंवा पिशवीच्या तोंडाला बांधलेली. अस्थी वाईला नेताना ती काढून ठेवली असेल तर शोधा. दहनाचं प्रमाणपत्र तर घरात असेलच, कारण विमानातून अस्थी नेताना ते जवळ ठेवावं लागतं. प्रमाणपत्रावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन क्रिमेटोरियमच्या ऑफिसला फोन करा आणि त्यांच्या नोंदीशी जुळवून द्यायला सांगा. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे ते क्रिमेटोरियम दफनभूमीच्या संस्थेचं आहे, फ्युनरल होमचं नाही. म्हणजे ही नोंद होमच्या हातातली नाही. क्रमांक जुळला की आईंना शांतपणे सांगा. हे काम या आठवड्यातच करा. तक्रारीचं काय करायचं ते ठरेल तेव्हा ठरेल, आईंना तोवर ताटकळत ठेवू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न.

आपल्याकडे गावात माणूस गेला की आळीतले चारजण तिरडी बांधतात, अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानातून बांबू, मडकं, कापड येतं, शहरात पालिकेचा पास काढावा लागतो. यातल्या कोणाकडे परवाना आहे का, हे विचारायची वेळच येत नाही. म्हणून इथे आल्यावरही आपण 'कोण चांगलं करतं' एवढंच विचारतो, 'कोणाला करायचा अधिकार आहे' हे विचारत नाही. अमेरिकेत हा राज्याच्या परवान्याचा व्यवसाय आहे. न्यू जर्सीत तर देह स्वच्छ करणं किंवा एम्बाल्मिंग करणं एवढ्यालाच नव्हे, अंत्यविधीची व्यवस्था ठरवून देण्यालाही कायदा परवान्याचंच काम मानतो. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात बसून दर सांगणं, पर्याय समजावणं, दहनाच्या अधिकारपत्रावर सही घेणं, हे 'नुसते कागद भरणं' नव्हतं. परवाना ज्या कामासाठी असतो तेच ते काम होतं.

हा परवाना सहज मिळत नाही. मॉर्च्युरी सायन्सचं शिक्षण, परवानाधारकाच्या हाताखाली नोंदणीकृत इंटर्नशिप, आणि परीक्षा. हे शिक्षण देणारं एक कॉलेज, मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेज, आपल्या वेस्ट विंडसरमध्येच आहे. शरीररचना, संसर्ग, रसायनं आणि कायदा असं सगळं त्यात येतं. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क ही अशी राज्यं आहेत जिथे कुटुंबाने ठरवलं तरी फ्युनरल डायरेक्टरला पूर्णपणे वगळून अंत्यसंस्कार करता येत नाहीत. मला यातली खरी गोम हीच वाटते. कायद्याने तुम्हाला परवानाधारकाकडे जायला भाग पाडलं, तुम्ही त्याचे पैसे मोजले, आणि समोर आला दुसराच. ज्या बंधनामुळे तुम्ही तिथे गेलात, त्याच बंधनातून मिळणारं संरक्षण तेवढं तुम्हाला मिळालं नाही.

हा प्रकार कसा चालतो हे महाराष्ट्रातल्या वाचकांना एका वाक्यात कळेल. औषधाच्या दुकानात भिंतीवर प्रमाणपत्र एका फार्मासिस्टचं आणि काउंटरवर गोळ्या देणारा भलताच, तसंच हे. न्यू जर्सीत प्रत्येक नोंदणीकृत फ्युनरल होमला एक परवानाधारक व्यवस्थापक नेमावा लागतो. तो असतोच, दाखल्यावर परवानाधारकाचं नावही येतंच. पण कामं वाढली, एका वेळी तीन घरी जायचं असलं, किंवा एखाद्या समाजाची भाषा येत नसली, की होम एक 'आपला माणूस' ठेवतं. सुरुवातीला तो दुभाषा असतो. मग तोच दर सांगू लागतो, मग सह्या घेतो, मग देह आणायला एकटाच जातो. परवानाधारक संध्याकाळी येऊन कागदांवर सही करतो. बारा वर्षांत कोणी हटकलं नाही, की होमलाही ते चुकीचं वाटेनासं होतं. म्हणूनच त्यांनी तुम्हाला फोनवर ते इतक्या सहज सांगितलं.

त्याने बिघडतं काय, असं कोणी विचारेल. तुमच्याच कागदांत एक उदाहरण आहे. दहनाच्या अधिकारपत्रावर सही तुमची आहे. न्यू जर्सीच्या कायद्यात मृताने आधी कोणाला लेखी नेमून ठेवलं नसेल, तर अंतिम व्यवस्थेचा पहिला हक्क जोडीदाराचा, त्यानंतर सज्ञान मुलांपैकी बहुसंख्यांचा. आई शेजारच्या खोलीत असताना सही मुलीची घेतली गेली, आणि भावाला तर विचारलंही नाही. तुमच्या घरात यावरून वाद नाही, म्हणून काही बिनसलं नाही. पण ज्या घरात दोन भावांचं पटत नाही, एकाला दहन हवं आणि दुसऱ्याला देह गावी न्यायचाय, तिथे ही चूक परत फिरवता येत नाही.

दुसरं म्हणजे पेसमेकर. त्याची बॅटरी दहनाच्या उष्णतेत फुटते, भट्टीचं नुकसान होतं, माणूसही जखमी होऊ शकतो. म्हणून तो आधी काढावा लागतो, आणि अधिकारपत्रात त्याचा वेगळा प्रश्न असतो. बाबांना पेसमेकर नसेलही. तरी तो रकाना कोणी भरला, तुम्हाला विचारून भरला की अंदाजाने, हे कागद हातात घेऊन पाहा. शिकलेला माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

आणि मोठं चित्र पाहायचं असेल तर कोलोरॅडो. फ्युनरल डायरेक्टरला परवाना न लागणारं ते अमेरिकेतलं एकमेव राज्य होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये तिथे पेनरोझ या गावातल्या एका इमारतीत जवळपास १९० मृतदेह कुजलेल्या अवस्थेत सापडले. काही कुटुंबांना अस्थी म्हणून काँक्रीटची कोरडी भुकटी दिली गेली होती. २०२४मध्ये त्या राज्याने कायदा बदलला आणि २०२७पासून परवाना सक्तीचा केला. तुमचं होम त्या जातीचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण परवाना ही काय कामाची गोष्ट आहे हे तिथे कळलं. परवानाच नसेल तर सरकारकडे काढून घेण्यासारखंही काही उरत नाही.

याच कारणासाठी तक्रार कोणाविरुद्ध करायची, हे नीट ठरवा. रागाच्या भरात लोक घरी आलेल्या माणसाचंच नाव लिहितात. त्याच्याकडे परवाना नाही, मग परवाने देणारं राज्याचं बोर्ड त्याचं काय काढून घेणार? दंड करू शकतं, काम थांबवायला सांगू शकतं, तेवढंच. बोर्डाची खरी पकड असते ती होमवर आणि दाखल्यावर नाव असलेल्या परवानाधारकावर. न्यू जर्सीच्या व्यावसायिक परवान्यांच्या समान कायद्यात शिस्तभंगाची कारणं कलम ४५:१-२१मध्ये दिली आहेत. त्यातलं 'एन' हे उपकलम नेमकं तुमच्या प्रकरणाचं आहे: परवाना लागणारं काम परवाना नसलेल्याला करू देणं, किंवा त्याला त्यात मदत करणं. त्यामुळे तक्रारीत तीन नावं घाला: होमचं नोंदणीकृत नाव, दाखल्यावरच्या परवानाधारकाचं नाव व क्रमांक, होमचा नेमलेला व्यवस्थापक वेगळा असेल तर त्याचं नाव. घरी आलेले गृहस्थ या तक्रारीत 'ज्यांच्याकडून काम करून घेतलं गेलं' असे येतील.

तक्रारीआधी एक खातरजमा. राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या संकेतस्थळावर परवाना शोधता येतो. आपली नावं रोमन लिपीत चार प्रकारे लिहिली जातात, म्हणून आधी फक्त आडनाव टाकून पाहा, मग वेगवेगळी स्पेलिंगं. घरातलं हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असू शकतं, ते धरा. इंटर्न म्हणून नोंद आहे का तेही पाहा. इंटर्न असतील तर होम 'देखरेखीखाली काम केलं' असं म्हणेल. मग देखरेख करणारा कुठे होता, हा प्रश्न उरतो, आणि तुमच्या दिवाणखान्यात तर तो नव्हता. नाव कुठेच नसेल तर त्या पडद्याचं तारखेसह छायाचित्र काढून ठेवा. परवाना होता पण संपला, नूतनीकरण राहिलं, असंही निघू शकतं. तो वेगळा, सौम्य प्रकार. तक्रार दाखल केल्यावर हे कळलं तर तुमच्या बाकीच्या मुद्द्यांचं वजनही कमी होतं.

पुरावा गोळा करताना आपण सगळे एक चूक करतो: 'त्यांनी सगळं केलं' असं लिहितो. बोर्डाला 'सगळं' कळत नाही. प्रत्येक कृती वेगळी लिहा आणि तिच्यापुढे माणसाचं नाव, तारीख, वेळ आणि कागद टाका. दर कोणी सांगितला? पर्याय कोणी समजावले, की समजावलेच नाहीत? करार किंवा मालसेवांचं (घेतलेल्या वस्तू आणि सेवांचं) लेखी विवरण कोणी भरलं, त्याच्या तळाशी होमतर्फे सही कोणाची? अधिकारपत्रावर सही कोणासमोर झाली? हॉस्पिटलातून देह कोणी नेला? हॉस्पिटलच्या शवागारात देह सोपवल्याची नोंद असते, त्यावर नेणाऱ्याची सही असते, ती प्रत मागा. देह कुठे ठेवला होता, एम्बाल्मिंग कोणी केलं? क्रिमेटोरियममध्ये होमतर्फे कोण हजर होतं? नुसती गाडी चालवणारा, देह उचलायला मदत करणारा, फोन घेणारा, फुलं मांडणारा यांना परवाना लागत नाही. होम हाच बचाव घेणार, की 'ते आमचे सहायक आहेत'. म्हणून तुमचा भर दर, करार, अधिकारपत्र आणि देहाची हाताळणी यावर हवा. धीर दिला, गुरुजी बोलावून दिले, हार आणले, हे तक्रारीत नको. त्यात बेकायदा काही नाही.

मृत्यूच्या दाखल्याचं महत्त्व इथे कळतं. अमेरिकेच्या प्रमाण नमुन्यात होमचं नाव-पत्ता, फ्युनरल परवानाधारकाची सही आणि त्याचा परवाना क्रमांक यांना जागा असते. तुम्ही ज्यांना कधीच भेटला नाहीत त्यांचं नाव तिथे असणं एवढ्याने गुन्हा ठरत नाही, ते मागे राहून देखरेख करत असतील. पण तुमचे व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, फोनची यादी आणि झेलची पावती शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते: पहिल्या फोनपासून शेवटच्या चेकपर्यंत त्या परवानाधारकाचा तुमच्याशी एकही संपर्क नाही. संदेश खोडू नका, फोन बदलणार असाल तर आधी सगळं उतरवून घ्या. मराठीतले संदेश असतील तर मूळ मजकूर तसाच ठेवा आणि खाली सरळ इंग्रजी अर्थ द्या. आईंना आणि भावाला जे आठवतं ते त्यांनी स्वतंत्र लिहावं, तुमच्या कागदाची नक्कल नको.

झेलचे १,५०० डॉलर हा वेगळा, गंभीर मुद्दा आहे. ते होमच्या बिलात जमा दिसतात का? दिसत असतील तर होमने एका बाहेरच्या माणसाच्या खात्यातून पैसे घेतले, आणि त्याला आपल्या व्यवसायात किती खोल घेतलं होतं हे कळतं. दिसत नसतील तर ते गेले कुठे, हे होमलाच विचारावं लागेल. तक्रारीत या रकमेला स्वतंत्र परिच्छेद द्या.

तक्रार जाते स्टेट बोर्ड ऑफ मॉर्च्युरी सायन्सकडे. हे बोर्ड नूअर्कमध्ये, त्याच कन्झ्युमर अफेअर्स खात्याखाली आहे. अर्ज ऑनलाइन मिळतो. पहिल्याच परिच्छेदात चार ओळींत गाभा सांगा: कोण गेलं, कधी, कोणत्या होमने केलं, आणि कोणती कामं परवाना नसलेल्या व्यक्तीने केली. त्यानंतर वर सांगितलेली तारीखवार यादी. त्यानंतर कागदांच्या प्रती, मूळ कागद नव्हेत. दोन ते तीन पानं पुरे. दुःख लिहावंसं वाटतं आणि ते खोटं नसतं, पण दहा पानांच्या तक्रारीत नेमका मुद्दा सापडत नाही आणि फाइल मागे पडते. शेवटी तुम्हाला काय हवं तेही सांगा, उदाहरणार्थ एम्बाल्मिंगची रक्कम परत, झेलच्या रकमेचा हिशोब, आणि यापुढे कुटुंबाशी बोलणी परवानाधारकानेच करावीत.

मग काय होतं? बोर्ड सहसा तक्रारीची प्रत होमला पाठवून उत्तर मागतं. म्हणजे तुमचं नाव त्यांना कळणार, हे धरून चला. परवानाधारकाला चौकशीत सहकार्य करावंच लागतं, तसा वेगळा नियम आहे. टाळाटाळ केली तर तीच दुसरी तक्रार होते. बोर्ड तपासनीस पाठवू शकतं, कागद मागवू शकतं, परवानाधारकाला बोलावून शपथेवर जबाब घेऊ शकतं. बरीच प्रकरणं संमतीच्या आदेशावर मिटतात: होम काही अटी आणि दंड मान्य करतं, आणि तो आदेश सार्वजनिक राहतो. नाही पटलं तर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलतर्फे औपचारिक आरोपपत्र, प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी, आणि अंतिम निर्णय पुन्हा बोर्डाचा. याला महिने लागतात, कधी वर्षापेक्षा जास्त. या खटल्यात तुम्ही पक्षकार नसता, साक्षीदार असता. त्यामुळे वकील लावायची गरज नाही, आणि मधल्या घडामोडी बोर्ड तुम्हाला सांगत बसेल अशी अपेक्षाही ठेवू नका. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एक पत्र टाकत राहा.

बोर्डाचे अधिकार कमी नाहीत. ताकीद, जाहीर ठपका, देखरेखीखाली काम, परवाना निलंबित किंवा रद्द, आणि पहिल्या उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत, त्यानंतरच्या प्रत्येकाला २०,०००पर्यंत दंड. चौकशीचा खर्चही होमकडून वसूल करता येतो. ज्याचं नुकसान झालं त्याचे पैसे परत करायला सांगण्याचाही अधिकार बोर्डाला आहे, म्हणूनच मागणी लिहायला विसरू नका. माझा अंदाज विचाराल तर, एकाच कुटुंबाची तक्रार असेल तर ताकीद, दंड आणि सुधारणेच्या अटी. पण 'बारा वर्षं' हे होमचंच वाक्य आहे. बोर्डाने त्या बारा वर्षांच्या फाइली उघडल्या तर चित्र पार बदलतं. तो फोन कधी झाला, कोण बोललं, नेमके शब्द काय होते, हे आजच लिहून काढा. चार महिन्यांनी तुम्हाला शब्द आठवणार नाहीत आणि त्यांना ते बोलल्याचं आठवणार नाही.

एम्बाल्मिंगच्या ८५० डॉलरांसाठी दुसरं दार आहे. फेडरल ट्रेड कमिशन (एफटीसी) या ग्राहकांचं हित बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचा फ्युनरल रूल १९८४पासून देशभर लागू आहे. त्याप्रमाणे प्रत्यक्ष भेटीत दरांची चौकशी करणाऱ्याला सर्वसाधारण दरपत्रक हातात द्यावं लागतं, घरी घेऊन जाता येईल असं. फोनवर विचारलं तरी दर सांगावे लागतात. बोलणी संपताना काय-काय निवडलं त्याचं तपशीलवार लेखी विवरण द्यावं लागतं. कुटुंबाची स्पष्ट परवानगी घेतल्याशिवाय एम्बाल्मिंगचे पैसे लावता येत नाहीत, आणि काही खास प्रसंग सोडले तर ते कायद्याने सक्तीचं नाही हे दरपत्रकातच छापलेलं असावं लागतं. याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ कुटुंबाचा खूप शोध घेऊनही पत्ता लागला नाही. तुम्ही तर सगळे घरात होता आणि फोन चालू होते. एफटीसी वैयक्तिक भांडण सोडवून देत नाही, तक्रारी जमा करून त्यांतून कारवाई करते. तरी तिथेही नोंदवा, आणि बोर्डाच्या तक्रारीत त्याचा उल्लेख करा. पैसे खरंच परत हवे असतील आणि होम ऐकत नसेल, तर न्यू जर्सीचं स्मॉल क्लेम्स कोर्ट ५,००० डॉलरपर्यंतचे दावे घेतं, तिथे वकिलाशिवाय उभं राहता येतं.

होम न्यू जर्सीबाहेरचं असतं तर दार बदललं असतं, हे इतर वाचकांसाठी. न्यू यॉर्कमध्ये हे काम आरोग्य खात्यातल्या ब्युरो ऑफ फ्युनरल डायरेक्टिंगकडे आहे, आणि तिथले नियम परवानाधारक डायरेक्टरच्या प्रत्यक्ष हजेरीबाबत फार कडक आहेत. कॅलिफोर्नियात सेमेटरी अँड फ्युनरल ब्युरो. तिथे कुटुंबाशी बोलणी करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागत नाही, पण होमचं काम परवानाधारक डायरेक्टरच्या ताब्यात हवं, आणि आपला परवाना दुसऱ्याला वापरू देणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. टोरांटोकडच्यांनी बेरीव्हमेंट अथॉरिटी ऑफ ऑन्टारियोची सार्वजनिक यादी पाहावी. आपल्या राज्याचा नियम वाचल्याशिवाय शेजारच्या राज्यातल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा लावू नका.

आता त्या गृहस्थांचं. ते वाईट नाहीत, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. परक्या देशात बाप गेलेल्या मुलीला आपल्या भाषेत बोलणारं कोणी तासाभरात दारात येतं, याची किंमत बिलात मोजता येत नाही. आणि ते काम कायदेशीरपणे करता येतं, म्हणून तर होमचा राग जास्त येतो. परवानाधारकाने शेजारी बसून दर आणि कागद समजावायचे, यांनी भाषांतर करायचं. परवानाधारकाने सही घ्यायची, यांनी गुरुजींची वेळ, दर्भ-तीळ, क्रिमेटोरियममध्ये मंत्रांसाठी किती वेळ मिळेल, हे बघायचं. देहाला स्नान घालायला, धोतर नेसवायला घरच्यांनी हात लावला तर तो काही बेकायदा व्यवसाय नाही. त्याची व्यवस्था तेवढी होमने करून द्यायची. एवढं विभागून द्यायला होमला दिवसातला एक तास जादा लागला असता. त्या तासाची काटकसर करून त्यांनी या माणसालाच अडचणीत उभं केलं आहे. हवं तर तक्रार पाठवण्याआधी त्यांना फोन करून सांगा की तक्रार होमविरुद्ध आहे. मंडळात कोणी विचारलं तर हेच सांगा. फोनवर वाद मात्र नको, आणि 'ताई, मी पैसे परत करतो, लिहू नका' असं म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. घेतलेले पैसे परत केले तरी बोर्डाकडे जायचा तुमचा हक्क जात नाही, पण 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करून बसलात तर काम विनाकारण अवघड होतं.

एच-वन-बीची भीती सोडा. बोर्ड हे राज्याच्या व्यावसायिक परवान्यांचं काम बघतं, व्हिसाशी त्याचा संबंध नाही, आणि तुम्ही इथे सेवा घेतलेली ग्राहक आहात. तुमची तक्रार खरी आणि कागदाला धरून असावी, एवढीच काळजी घ्या. 'घोटाळेबाज', 'टोळी' असले शब्द ना अर्जात, ना ग्रुपवर.

एक तारीख मात्र लक्षात ठेवा. फ्युनरल रूलप्रमाणे होमला तुमच्या विवरणाची प्रत निदान एक वर्ष जपून ठेवावी लागते, आणि दरपत्रकाची प्रत ते शेवटचं वापरल्यापासून एक वर्ष. बाबा मार्चमध्ये गेले. म्हणजे पुढच्या मार्चनंतर 'आता आमच्याकडे नाही' असं ते बिनदिक्कत म्हणू शकतील. याच आठवड्यात होमला रजिस्टर्ड पत्र पाठवा, ईमेल वेगळा करा, आणि पाच गोष्टींच्या प्रती मागा: त्या वेळचं दरपत्रक, मालसेवांचं सही केलेलं विवरण, दहनाचं अधिकारपत्र, एम्बाल्मिंगच्या परवानगीची नोंद, आणि मिळालेल्या रकमांच्या पावत्या. पत्रात तक्रारीचा उल्लेख नको, कारणही देऊ नका. उत्तराला चौदा दिवस द्या. आलं तर तक्रारीला जोडा. आलं नाही तर पाठवल्याची पोचपावती जोडा, आणि पंधराव्या दिवशी अर्ज भरा.